ॲबी रोडचं एको चेंबर: तशी घुमणारी खोली उभारायची कशी

लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागातलं ३, ॲबी रोड हे जुनं घर ग्रामोफोन कंपनीने १९२९ साली विकत घेतलं आणि त्याच्या मागच्या बागेत ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओ बांधले. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी संगीतकार एडवर्ड एल्गार यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचं संचलन करून तिथलं काम सुरू केलं. तोवर कंपनी कोलंबिया या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी एकत्र येऊन ईएमआय झाली होती. तिथले तीन स्टुडिओ सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्या जागेचा म्हणून जो आवाज कानात राहतो, त्यातला मोठा वाटा स्टुडिओ दोनला जोडलेल्या एका रिकाम्या खोलीचा आहे. खोलीत फर्निचर नाही, भिंती कडक आणि मधे उभे केलेले चकचकीत लेपाचे मातीचे जाड पाइप, म्हणजे सांडपाण्यासाठी जमिनीत पुरतात तेच. एका बाजूला स्पीकर, दुसऱ्या बाजूला माइक. हेच एको चेंबर.

अशी खोली कुणालाही उभारता येते आणि त्यासाठी लागणारं सामान फार नाही. पण एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यायला हवी. खोली अर्धंच काम करते. उरलेलं अर्धं काम खोलीत शिरण्यापूर्वी होतं: कोणता आवाज आत सोडला, त्यातलं काय गाळलं आणि किती उशिरा सोडला. बहुतेक जण टाइल्स, पाइप आणि माइक यांच्या मागे लागतात आणि फिल्टर व डिले लावायचं राहून जातं. मग हाती येतो तो फक्त बाथरूमचा आवाज.

चेंबर का लागलं

वाद्यांचे आवाज एकमेकांच्या माइकमध्ये सांडू नयेत म्हणून स्टुडिओच्या भिंती आवाज शोषणाऱ्या करतात आणि माइक जवळ आणतात. शब्द स्पष्ट येतात, पण आवाज कोरडा होतो. मोठ्या सभागृहात दुरून ध्वनिमुद्रण केलं तर घुमणं मिळतं, पण ते एकदा आलं की कायमचं. नंतर कमी करता येत नाही. चेंबरने ही अडचण सोडवली. कोरडा आवाज तसाच ठेवायचा, त्याची एक शाखा काढून दुसऱ्या खोलीत वाजवायची, तिथलं घुमणं माइकने उचलायचं आणि हवं तेवढंच मूळ आवाजात मिसळायचं.

खोली खास बांधलेलीच हवी असं नाही. १९४७ साली शिकागोत ध्वनिमुद्रण अभियंता बिल पुटनम यांनी हार्मोनिकावादकांच्या एका ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओचं बाथरूम वापरलं. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने घराच्या माळ्यावर चेंबर केलं. हॉलिवूडच्या कॅपिटॉल रेकॉर्ड कंपनीच्या टॉवरखाली, जमिनीत, गिटारवादक लेस पॉल यांच्या देखरेखीत काँक्रीटची चेंबर्स बांधली गेली आणि ती आजही वापरात आहेत. बाथरूम, माळा, तळघर, जिन्याची विहीर, रिकामं गॅरेज, यातलं जे हाताशी असेल ते चालतं. त्यातली चांगली खोली कोणती, हे मात्र मोजून ठरवावं.

खोलीचं गणित

घुमण्याचा काळ म्हणजे आवाज थांबल्यापासून तो ६० डेसिबलने खाली येईपर्यंतचा वेळ. ध्वनिशास्त्रज्ञ सेबिन यांचं सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचा शोषणांक (आपटलेल्या आवाजाचा किती अंश तो शोषतो), अशी सगळ्यांची बेरीज केली की एकूण शोषण मिळतं.

उदाहरणादाखल ३ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच खोली घेऊ. घनफळ १९.४ घनमीटर, भिंती-छत-जमीन मिळून क्षेत्रफळ ४३.६ चौरस मीटर. सगळीकडे चकचकीत टाइल्स किंवा ऑइल पेंट लावलेलं गुळगुळीत प्लॅस्टर असेल तर शोषणांक ०.०२ च्या आसपास धरता येतो. एकूण शोषण ०.८७ आणि घुमण्याचा काळ ३.६ सेकंद. हा कागदावरचा आकडा. दरवाजा, फटी आणि हवा मिळून तो प्रत्यक्षात खाली आणतात. पण आत एक माणूस उभा राहिला की काय होतं ते पाहा. कपडे घातलेला माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर शोषण भरतो. बेरीज १.३२ होते आणि काळ एकदम २.४ सेकंदांवर उतरतो. म्हणून चेंबर वापरात असताना आत कुणी थांबायचं नाही आणि आत उभं राहून टाळी वाजवून त्या खोलीचा शेवटचा निकालही लावायचा नाही.

यातूनच घुमणं कमी करायची युक्तीही मिळते. दीड चौरस मीटरचं जाड ब्लँकेट दोरीवर टाका. त्याचा शोषणांक ०.५ धरला तर शोषण ०.७५ ने वाढतं आणि ३.६ चे १.९ सेकंद होतात. संथ गाण्याला दोन ते अडीच सेकंद शोभतात, जलद गाण्याला सव्वा सेकंदाच्या वर गेलं की शब्द एकमेकांवर चढतात. खोली आधी शक्य तितकी कडक करा आणि मग गाण्याप्रमाणे ब्लँकेट टाका-काढा. उलट दिशेने, म्हणजे मऊ खोलीला जास्त घुमवणं, यंत्राने नीट जमत नाही.

भिंत उघड्या विटांची किंवा बिनरंगी प्लॅस्टरची असेल तर तिची बारीक छिद्रं वरच्या पट्टीतला आवाज पितात. खरबरीत जागा लांबी भरून घासा आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. साधा पाण्यातला मॅट रंग छिद्रं पुरती बुजवत नाही. लाकडी फ्लश दरवाजाही पातळ असल्याने खालचा आवाज शोषतो आणि वर थरथरतो. त्याच्या चौकटीला रबराची पट्टी लावा म्हणजे खडखड थांबते आणि बाहेरचा आवाजही कमी येतो.

हवेचाही हिशेब आहे. सुमारे २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असताना ८००० हर्ट्झच्या पट्टीत फक्त हवेच्या शोषणामुळेच घुमणं दीड-पावणेदोन सेकंदांच्या पुढे जात नाही, भिंती कितीही गुळगुळीत असोत. हवा कोरडी झाली की ही मर्यादा आणखी खाली येते आणि चेंबर मंद वाटू लागतं. ओलसर हवेत ते उजळ वाटतं. पण ओल फार झाली तर कंडेन्सर माइक तडतडायला लागतो. त्यामुळे बाथरूम वापरायचं असेल तर काही तास आधी फरशी पुसून, दार उघडं ठेवून ते कोरडं होऊ द्या. ओल्या फरशीवर विजेची वायर टाकायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

समांतर भिंती आणि ते पाइप

आत एक टाळी वाजवा. सरळ विरत जाणाऱ्या घुमण्याऐवजी 'टर्रर्र' असा झणझणीत आवाज आला तर दोन समांतर भिंती आवाज चेंडूसारखा एकमेकींकडे फेकत आहेत. २.४ मीटर अंतरात एक फेरी ४.८ मीटरची, म्हणजे दर १४ मिलिसेकंदांनी एक ठोका. ढोलक, टाळ्या, गिटारची नखी अशा तुटक आवाजांवर हा दोष लगेच उघडा पडतो. संथ गायनात लपून राहतो आणि म्हणून चाचणीच्या वेळी सुटून जातो. चाचणी नेहमी तुटक आवाजानेच करा.

लेस पॉल यांनी कॅपिटॉलच्या चेंबर्सच्या भिंती मुळातच समांतर ठेवल्या नाहीत. तयार खोलीत ते शक्य नसतं. तिथे ॲबी रोडच्या पाइपांसारखा उपाय चालतो. गोल, कडक, चकचकीत पृष्ठभागावर आवाज आपटला की तो सगळीकडे विखुरतो आणि तरीही शोषला जात नाही. ३० सेंटिमीटर व्यासाचा पाइप साधारण १००० हर्ट्झपासून वर चांगलं काम करतो. १० सेंटिमीटरचा पाइप त्याहून बऱ्याच वरच्या पट्टीतच उपयोगी पडतो, म्हणून बारीक पाइपांची गर्दी करू नका. आपल्या उदाहरणातल्या खोलीत छातीएवढ्या उंचीचे चार ते सहा पाइप पुरतात. ते एका रांगेत नकोत, एकमेकांतली अंतरं असमान ठेवा आणि एखाददुसरा स्पीकर व माइक यांच्या मधोमध येऊ द्या. पाइप पीव्हीसीचे असतील तर त्यांत वाळू भरा, नाहीतर पाइपच वाजू लागतो.

पाइप मिळाले नाहीत तर १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा ऑइल पेंट लावलेला पत्रा एका भिंतीला तिरका टेकवा. एक मीटर लांबीमागे १० सेंटिमीटर तिरकेपणा दिला की कोन सुमारे ६ अंशांचा होतो आणि टर्रर्र बंद होते. पातळ प्लाय घेऊ नका, ते खालचा आवाज गिळतं.

स्पीकर कुठे, माइक कुठे

माइकमध्ये स्पीकरचा थेट आवाज येता कामा नये. फक्त खोलीचं घुमणं यायला हवं. १९.४ घनमीटरच्या आणि दोन सेकंद घुमणाऱ्या खोलीत सगळीकडे सारखा आवाज टाकणाऱ्या स्पीकरपासून साधारण १८ सेंटिमीटरवर थेट आवाज आणि घुमणारा आवाज सारखे होतात. दोन मीटरवर थेट आवाज घुमण्याच्या २० डेसिबल खाली गेलेला असतो. प्रत्यक्षातला स्पीकर समोरच्या दिशेला जास्त जोर लावतो, म्हणून त्याचं तोंड माइककडे ठेवायचं नाही. तोंड कोपऱ्याकडे, भिंतीपासून अर्धा ते पाऊण मीटरवर, आणि थोडं वर छताकडे. माइक खोलीच्या दुसऱ्या टोकाला, स्पीकरपासून किमान दीड मीटर, जमिनीपासून दीडेक मीटर उंचीवर. माइक अगदी मधोमध ठेवू नका. तिथे खोलीच्या काही कंपनांचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर तो बरा बसतो.

माइक ऑम्नी असावा, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखं ऐकणारा. ॲबी रोडच्या चेंबरमध्ये न्यूमनचे केएम ५३ वापरले गेले तेही लहान कॅप्सूलचे ऑम्नीच. चेंबरमध्ये आवाज सगळ्या दिशांनी येतो, आणि कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, माइक बाजूने येणारा आवाज रंग बदलून देतो. कार्डिऑइडच असेल तर त्याची पाठ स्पीकरकडे करा. डायनॅमिक माइकने काम भागतं, पण शेपटीच्या, म्हणजे विरत जाणाऱ्या घुमण्याच्या, शेवटी प्रीॲम्पची (माइकचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राची) सळसळ ऐकू येते.

स्टीरिओसाठी दोन माइक लावा आणि त्यांच्यात एक ते दीड मीटर अंतर ठेवा. खालचा आवाज ६०० हर्ट्झपासून गाळायचा आहे (का, ते पुढे येतं). त्या पट्टीतली लहर ५७ सेंटिमीटरची असते आणि तिच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटरहून, जास्त अंतरावरचे दोन माइक घुमण्याचे वेगवेगळे रूप उचलतात. एक मीटरला रुंदी भरपूर मिळते. दोन्ही माइक स्पीकरपासून आणि भिंतींपासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवा. स्पीकर मात्र एकच पुरतो.

स्पीकर फार मोठा नको. ५ ते ८ इंचांचा पॉवर्ड मॉनिटर, म्हणजे ॲम्प्लिफायर आतच असलेला स्टुडिओ स्पीकर, चांगला. त्याच्यामागे सळसळ असेल तर ती दिवसभर माइकमध्ये येईल, म्हणून त्याची व्हॉल्यूम कळ फार वर न ठेवता सेंडची, म्हणजे चेंबरकडे पाठवलेल्या आवाजाची, लेव्हल वाढवा.

जोडणी

ऑडिओ इंटरफेसला (माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या पेटीला) किमान तीन आउटपुट हवेत: १ आणि २ ऐकण्यासाठी, ३ चेंबरसाठी. सॉफ्टवेअरमध्ये एक बस, म्हणजे आवाज एकत्र नेणारी वाट, बनवा, तिचं आउटपुट ३ ला द्या आणि त्या बसवर आधी फिल्टर, मग डिले लावा. गायनाच्या ट्रॅकवरून पोस्ट-फेडर सेंड, म्हणजे ट्रॅकच्या लेव्हल-पट्टीनंतर निघणारी शाखा, त्या बसला द्या. प्री-फेडर ठेवला तर फेडर खाली आणूनही घुमणं तसंच राहतं. चेंबरचे माइक इनपुट १ आणि २ वर घ्या आणि नव्या स्टीरिओ ट्रॅकवर ध्वनिमुद्रित करा. त्या ट्रॅकवरून चेंबरच्या बसला चुकूनही सेंड जाऊ देऊ नका. गेला तर आवाज चक्रात अडकून किंचाळी फुटेल.

गाणं संपल्यानंतर आणखी पाच सेकंद मुद्रण चालू ठेवा. शेपटी तुटली की नंतर ती जोडता येत नाही.

फिल्टर: खरी गोम इथे आहे

ॲबी रोडच्या अभियंत्यांची पद्धत अशी की घुमण्याकडे जाणाऱ्या आवाजातून सुमारे ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १०,००० हर्ट्झच्या वरचं काढून टाकायचं. प्रथम ऐकणाऱ्याला हे फार वाटतं. ६०० हर्ट्झच्या खाली तर गायकाचा निम्मा आवाज असतो. मग एवढं का कापायचं?

याचं उत्तर खोलीच्या आकारात आहे. कोणतीही बंद खोली खालच्या पट्टीत ठरावीक सुरांवरच वाजते. बाथरूमची उंची २.४ मीटर असेल तर सुमारे ७२ हर्ट्झवर एक, लांबी २.१ मीटर असेल तर ८२ वर दुसरा. हे सुर वर वर जात दाट होत जातात आणि एका मर्यादेनंतर इतके एकमेकांत मिसळतात की खोली सगळ्या सुरांना सारखं घुमवू लागते. ती मर्यादा काढायचं सूत्र: घुमण्याच्या काळाला घनफळाने भागा, वर्गमूळ काढा, २००० ने गुणा. आपल्या १९.४ घनमीटरच्या, दोन सेकंदांच्या खोलीसाठी ती ६४० हर्ट्झ येते. साडेसात घनमीटरच्या बाथरूममध्ये १.२ सेकंद घुमत असेल तर ८०० हर्ट्झ. दहा हजार घनमीटरच्या, दोन सेकंदांच्या सभागृहात तीच मर्यादा २८ हर्ट्झ.

म्हणजे सभागृहात सगळं संगीत मर्यादेच्या वर असतं, छोट्या खोलीत गायकाचे मूळ सुर मर्यादेच्या खाली. तिथे एखादा सुर भसकन फुगतो आणि शेजारचा बसतो. कानाला 'ही छोटी खोली आहे' हे सांगणारा भाग तोच. तो काढून टाकला की उरलेलं घुमणं मोठ्या जागेसारखंच वागतं. आवाज पातळ होत नाही, कारण खालचा भाग कोरड्या आवाजात शाबूत आहे. चेंबरचा ट्रॅक एकटा ऐकला तर तो किरकिरा वाटेल; निर्णय कोरड्या आवाजासोबत ऐकूनच घ्या.

म्हणून ६०० हा आकडा आंधळेपणाने लावू नका. आपल्या खोलीची मर्यादा काढा आणि हाय-पास फिल्टर, म्हणजे खालचं गाळून वरचं जाऊ देणारा, तिच्या आसपास ठेवा. उतार १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्हपासून सुरू करा, म्हणजे हर्ट्झ निम्मे होतील तसा आवाज १२ डेसिबलने घटतो. बाथरूममध्ये १८ लागेल. लो-पास, म्हणजे वरचं गाळणारा, १०,००० वर, १२ च्या उताराने. 'स' आणि 'श' फटाक्यासारखे उडत असतील तर सेंडच्या आधी डी-एसर, म्हणजे असे शिटीसारखे आवाज दाबणारं साधन, लावा, ५००० ते ८००० हर्ट्झमध्ये ४ ते ६ डेसिबल दाबणारा. हा डी-एसर फक्त चेंबरच्या बसवर असावा; मूळ गायनाला त्याची झळ लागू देऊ नका.

फिल्टर स्पीकरच्या आधीच लावायचा, माइकनंतर नव्हे. खालचा आवाज खोलीत शिरलाच नाही तर दार थरथरत नाही आणि स्पीकरचा जोर हव्या त्या पट्टीत खर्च होतो. माइकच्या बाजूला २०० हर्ट्झचा वेगळा हाय-पास ठेवा, तो रस्त्याची घरघर आणि पावलांचे आवाज गाळण्यासाठी.

डिले आणि टेप

मोठ्या सभागृहात गायकाचा थेट आवाज आधी पोचतो आणि भिंतींवरून आलेलं घुमणं थोडं मागून येतं. छोट्या खोलीत ते जवळजवळ लगेच येतं आणि शब्दाला चिकटतं. म्हणून ॲबी रोडमध्ये चेंबरकडे जाणारा आवाज आधी टेपयंत्रातून फिरवत. यंत्राचं एक हेड आवाज टेपवर लिहितं आणि थोडं पुढे असलेलं दुसरं हेड तोच वाचतं. मधला वेळ म्हणजे हेडांमधलं अंतर भागिले टेपचा वेग. सेकंदाला १५ इंच म्हणजे ३८.१ सेंटिमीटर, अंतर ५ सेंटिमीटर असेल तर १३१ मिलिसेकंद. वेग दुप्पट केला तर ६६.

सॉफ्टवेअरचा डिले लावताना मिश्रण १०० टक्के (फक्त उशिराचा आवाज), फीडबॅक शून्य (एकच पुनरावृत्ती). ६५ मिलिसेकंदांवर शब्द मोकळे होतात आणि घुमणं अजून गायकाचंच वाटतं. १३० वर घुमणं वेगळं मागे उभं राहतं. दोन्ही ऐकून मग गाण्याच्या लयीशी जुळवा: मिनिटाला १२० मात्रा असतील तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, तिचा आठवा भाग ६२.५, चौथा १२५. टेपचा स्वभाव हवा असेल तर डिलेच्या आत टेप सॅचुरेशन, म्हणजे टेपसारखी हलकी विकृती, किंचित द्या, पण वेगाची थरथर फार वाढवू नका. घुमण्यात ती बेसूर वाटते.

इथे एक हिशेब हमखास राहून जातो. इंटरफेसमधून आवाज बाहेर जाऊन परत येईपर्यंत स्वतःचा उशीर होतो आणि खोलीत तीन मीटर प्रवासाला आणखी ९ मिलिसेकंद लागतात. एक टिचकीचा आवाज चेंबरला पाठवा आणि मुद्रित ट्रॅकवर ती किती उशिरा उमटली ते मोजा. समजा १८ मिलिसेकंद आले आणि तुम्हाला ६५ हवे आहेत, तर डिले ४७ वर ठेवा. सॉफ्टवेअर उशीर आपोआप भरून काढत असेल तर फक्त हवेतला प्रवास धरा.

ॲबी रोडमध्ये याच्याही पुढची एक जोडणी होती, स्टीड नावाची. टेपने उशिरा केलेला आवाज चेंबरमध्ये जातो, आणि चेंबरमधून परत आलेल्या आवाजाचा थोडा हिस्सा पुन्हा टेपकडे पाठवला जातो. प्रत्येक फेरीत घुमण्यावर घुमणं चढतं आणि सव्वा सेकंदाची खोलीसुद्धा लांबलचक शेपटी देते. लहान बाथरूमकडून मोठं काम करून घ्यायचा याहून चांगला मार्ग नाही.

हे करताना चेंबरच्या ट्रॅकवरून बसला मुद्दाम सेंड द्यायचा, पण अगदी खालून सुरुवात करून. पूर्ण चक्राची सरासरी लेव्हल दर फेरीला निदान १२ डेसिबलने तरी घटली पाहिजे. सहा डेसिबलही पुरेसे वाटतात, पण पुरत नाहीत, कारण खोलीचा प्रतिसाद सपाट नसतो. काही सुरांवर तो सरासरीच्या सुमारे १० डेसिबल वर उसळतो आणि तेवढ्याच सुरावर चक्र पेटतं. चक्रात एक लिमिटर, म्हणजे ठरावीक लेव्हलच्या वर आवाज जाऊ न देणारं साधन, बसवून ठेवा म्हणजे चूक झाली तरी कान आणि स्पीकर वाचतात. हेडफोन घालून ही लेव्हल लावू नका. काही सॉफ्टवेअर असं चक्र जोडूच देत नाहीत; तिथे छोटा हार्डवेअर मिक्सर वापरा.

लेव्हल, आणि काय काय बिघडतं

आत माइकच्या जागी ८० ते ८५ डेसिबल पुरतात. रिकाम्या खोलीची शांतता ३० ते ३५ डेसिबलची असेल तर शेपटीला पन्नास डेसिबल खाली उतरायला जागा मिळते. एवढ्यात काम झालं नाही तर स्पीकर मोठा करण्यापेक्षा खोली शांत करा. एक्झॉस्ट फॅन बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर तोही तेवढ्यापुरता बंद, नळ घट्ट. थेंबाचा आवाज घुमून प्रत्येक गाण्यात येतो.

घुमण्यात अधूनमधून किणकिण ऐकू आली तर काहीतरी सैल वाजतं आहे: आरशाचा स्क्रू, पडद्याची दांडी, दिव्याची काच, ड्रेनची जाळी. शोधायला साइन सुर २०० पासून २००० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर न्या आणि किणकिण झाली तिथे थांबून एकेक वस्तूवर हात ठेवत जा. आवाज डावीकडे झुकत असेल तर लेव्हल ओढण्याआधी माइकची जागा पाहा. एक माइक भिंतीच्या फार जवळ गेलेला असतो.

घुमणं आहे पण शब्द बुडतात, अशी तक्रार आली की बहुतेक जण लेव्हल कमी करतात. आधी डिले वाढवा, मग हाय-पास थोडा वर न्या, आणि त्यानंतरच लेव्हलला हात लावा.

खोली कायम मोकळी ठेवता येत नसेल तर तिचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे तिच्या घुमण्याचा ध्वनिमुद्रित ठसा, काढून ठेवा. २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत चढणारा १५ सेकंदांचा स्वीप वाजवा, त्यानंतर पाच सेकंद शांतता, आणि दोन्ही माइकवर मुद्रण करा. आत कुणी नको, ब्लँकेटची जागा टिपून ठेवा. स्वीपच्या वेळी फिल्टर आणि डिले बंद असावेत. ते नंतर कन्व्होल्यूशन रिव्हर्बच्या (असा ठसा वापरून घुमवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आधी हवे तसे लावता येतात. ब्लँकेटसह आणि ब्लँकेटशिवाय असे दोन स्वीप घेतले तर दोन खोल्या हाती राहतात. डिकन्व्होल्यूशननंतर, म्हणजे मुद्रित स्वीपमधून सॉफ्टवेअरने ठसा काढल्यावर, फाइलच्या सुरुवातीची शांतता कापून टाका, नाहीतर ती प्रत्येक वेळी नको असलेल्या डिलेत भर घालते. स्टीडचं चक्र मात्र या फाइलमध्ये साठवत बसू नका. ते सॉफ्टवेअरमध्ये कन्व्होल्यूशनभोवती नव्याने जोडा, म्हणजे शेपटीची लांबी प्रत्येक गाण्याला वेगळी ठेवता येते.